केतकी गावंडे, अकोला

"केतकी, हूड वर घ्या! वरच्या रस्त्याला जास्त पाऊस आहे!"

पिवळं जॅकेट घातलेली एक मुलगी माझ्या छातीकडे बघत ओरडली. छातीवर पिनांनी टाचलेला नंबराचा कागद होता. त्याला बिब म्हणतात हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. नंबराच्या खाली ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'केतकी गावंडे, अकोला'. मी हूड वर घेतलं. मुलगी अंगठा दाखवून हसली आणि पुढच्या माणसाचं नाव वाचायला लागली.

चिखलदऱ्याचं ते मैदान एरवी कसं दिसतं मला माहीत नाही. त्या सकाळी ते दिसतच नव्हतं. ऑक्टोबर लागला होता, खाली अकोल्यात लोकांनी पुन्हा कूलरमध्ये पाणी भरलं होतं, पण समुद्रात कुठेतरी वादळ उठलं होतं आणि त्याचा ढग येऊन मेळघाटावर बसला होता. शंभर पावलांवरची कमान धुक्यात नुसती लाल लाल दिसत होती. भोंग्यावरून कोणीतरी मोठ्या उत्साहाने सांगत होतं की पावसाला घाबरायचं नाही, दहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही, आणि वाऱ्यात त्याचे शब्द तुटून तुटून येत होते.

हे गाडी लावून माझ्याबरोबर कमानीपर्यंत आले होते. माझे यजमान दिगंबर गावंडे कृषी खात्यात होते. हवामानाचा अंदाज दिवसातून दोनदा बघायची त्यांना सवय.

"अजून परत जाता येईल," ते म्हणाले. "कालपासून सांगतायत, विजा आहेत. गारासुद्धा पडतील म्हणे."

"एवढे लोक धावणार आहेत ना."

"ते धावणारे आहेत. तू कधी धावली आहेस?"

"मी चालेन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर चुकून त्या कागदावर गेली आणि चटका बसल्यासारखी मागे आली. मग ते खाली वाकले. माझ्या बुटाची नाडी सुटलेली नव्हती, तरी त्यांनी ती सोडून पुन्हा घट्ट बांधली.

"मी गाडीत बसतो," उठता उठता ते म्हणाले. "तिथे शेवटी उभं वगैरे राहायला मला सांगू नकोस. मला जमणार नाही."

"बरं."

"वेडेपणा आहे हा," असं ते म्हणाले, आणि छत्री मला द्यावी की नाही या विचारात थोडं घुटमळून निघून गेले.

शिट्टी झाली. तरुण मुलं-मुली हुर्रे करत धुक्यात शिरली आणि बघता बघता नाहीशी झाली. मी त्यांच्या मागून निघाले. रस्ता आधी जरा उतरत होता, मग चढत होता. दोन्ही बाजूंना गावातले लोक टपऱ्यांच्या पत्र्याखाली उभे होते. शाळेची पोरं होती, शिट्ट्या घेतलेले स्वयंसेवक होते. आणि जो जवळून जाईल त्याच्या छातीवरचं नाव वाचून ते ओरडत होते.

"शाब्बास केतकी!"

"केतकी, चला चला!"

"ओ केतकीताई, हसा की जरा!"

मी हसत नव्हते. पण प्रत्येक हाकेला माझा पाय हलका पडत होता. दम लागायला लागला म्हणून मी चालायला लागले, मग अगदीच सावकाश चालायला लागले. खरं सांगायचं तर दम तेवढा लागला नव्हता. सावकाश गेलं की लोकांना नाव नीट वाचता येत होतं.

गाव संपलं तशा हाका संपल्या. नुसता पाऊस राहिला, आणि सागाच्या पानांवर त्याचा आवाज. तेवढ्यात मागून कोणीतरी फताक फताक पाय टाकत माझ्या बरोबरीला आलं.

"केतकी का नाव तुह्यं? चांगलं आहे वं."

साठीच्या पुढच्या एक ठेंगण्या, गोल बाई होत्या. अंगात पंजाबी ड्रेस, पायात नवेकोरे बूट, जाड चष्म्याच्या काचा पावसाने पांढऱ्या झालेल्या, आणि डोक्याला भाजीची प्लास्टिकची पिशवी कानापर्यंत ओढून घट्ट बांधलेली.

"मी कुसुम ढोले. परतवाड्याले शिवणक्लास आहे माहा. माह्यी सून पुढं पयाली. तिनंच नाव टाकलं माह्यं. म्हणे आई, चाला. म्या म्हटलं चाल. घरी बसून काय करू, पोपट थोडीच आहे मी?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं असेल, कारण गालाला ते ओळखीचं वाटलं नाही.

"भल्लं पाणी येऊन रायलं बाप्पा," त्या म्हणाल्या. "आपून दोघी संगं जाऊ. धुक्यात एकट्या बाईनं जाऊ नये. बोलत बोलत गेलं की रस्ता कटते. तुह्यी माय आहे का?"

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. केतकीला विचारलेला होता.

"आहे," मी म्हणाले.

केतकी माझी मुलगी. चोवीस वर्षांची होती. ऑगस्ट संपता संपता तिला ताप आला, डेंग्यू निघाला, आणि रक्त, प्लेटलेट्स, नागपूर अशी आमची धावपळ संपायच्या आत ती गेलीसुद्धा. कोणाची काही चूक नव्हती. सगळ्यांनी सगळं वेळेवर केलं होतं. आम्हाला दुसरं मूल नाही.

त्यानंतर घरी खूप लोक आले, आणि त्यांच्यातल्या एकानेही तिचं नाव घेतलं नाही. 'पोरगी' म्हणत, 'ती' म्हणत, 'झालं ते' म्हणत. नाव घेतलं तर आम्हाला लागेल असं त्यांना वाटत असावं. ह्यांनी तर त्या दिवसापासून एकदाही घेतलं नव्हतं. कागदपत्रांसाठी फोन आले की 'माझी मुलगी' म्हणायचे आणि पुढचं मला बोलायला लावायचे. मीसुद्धा घरात मोठ्याने घेत नव्हते, त्यांच्यामुळे. दिवसभरात शेकडो वेळा ज्या घरात 'केतकी, केतकी' व्हायचं, तिथे तो शब्दच नाहीसा झाला होता.

तेरावं झाल्यावर थोड्याच दिवसांत कुरिअरवाला एक पाकीट घेऊन आला. "केतकी गावंडे?" त्याने दारातून विचारलं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले आणि हो म्हणाले. आत टी-शर्ट आणि हा बिब. तिने जुलैतच नाव नोंदवलं होतं. आदल्या वर्षी मैत्रिणींबरोबर जाऊन आली होती, तेव्हा मोबाईलवर सगळं दाखवलं होतं मला. अनोळखी माणसं छातीवरचं नाव वाचून ओरडतायत, आणि शेवटी कमानीखालून जाताना भोंग्यावर, 'केतकी गावंडे, अकोला!'

"आई, अगं इतक्या लोकांनी माझं नाव घेतलं," ती म्हणाली होती, "लग्नात पण घेणार नाहीत इतकं!"

म्हणून मी आले होते. दुसरं काही नाही. मला ते ऐकायचं होतं.

"काय करते माय तुह्यी?" कुसुमताईंनी विचारलं.

"शाळेत शिकवते. सध्या रजेवर आहे."

"काऊन? बरं नाही का तिले?"

"तशी बरी आहे." बूट पाण्यात पचपचत होते. मी समोर बघत बोलत होते. "पण धड जेवत नाही. रात्री मध्येच उठून बसते. बाबांशी फारसं बोलत नाही."

"भांडण झालं दोघायचं?"

"नाही. घाबरतात एकमेकांना."

हे माझ्या तोंडून निघेपर्यंत मलाच माहीत नव्हतं.

"मंग तू समजाव ना वं. लेकीचं ऐकते माय."

"मी नसते तिथे. लांब असते."

"पुन्याले का?"

"हो," मी म्हणाले. "पुण्याला."

आणि मग मला थांबता येईना. कुसुमताई विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. नोकरी चांगली आहे. तिघी मैत्रिणी मिळून राहतो. एकीला स्वयंपाक येतो, मला येत नाही. स्कूटर घेतली, निळी. आई म्हणाली होती एवढ्यात नको, पण घेतली. लग्नाचं? एक मुलगा आहे, अजून घरी सांगितलं नाही. बाबांना आधी सांगेन, आईला नंतर, कारण आई आधी ओरडेल आणि मग दुसऱ्या दिवशी त्याला जेवायला बोलाव म्हणेल.

"अशीच राह्यते माय," कुसुमताई खूश होऊन म्हणाल्या.

धुकं इतकं दाट झालं होतं की रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड तेवढे पुढे पुढे सरकत यायचे. समोरून परत येणारे लोक अचानक उगवायचे. जायचा आणि यायचा रस्ता एकच होता. मध्यावर एक पिंप ठेवलं होतं, त्याला वळसा घालून परत फिरायचं. परत येणाऱ्यांतला एखादा तरुण भिजलेला हात वर करून ओरडायचा, "केतकी, थोडंच राहिलंय!" आणि नाहीसा व्हायचा. त्या धुक्यात माझा चेहरा कोणाला दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त छातीवरचं नाव. मग मलाही माझ्या आत कोण चालतंय ते नीटसं सांगता आलं नसतं. माझे गुडघे दुखत नव्हते. आपण भरभर चाललो आहोत, मागे कोणीतरी पन्नाशीची बाई राहिली आहे आणि तिच्याकडे वळून बघायची गरज नाही, असं काहीतरी वाटत होतं.

"एकटीच का तू मायबापाले?" कुसुमताईंनी विचारलं.

"हो. एकटीच."

"मंग जप वं माय सोताले. तुले काही झालं तं त्यायनं कोनाच्या तोंडाकडे पाहावं?"

त्यांना उत्तर नको होतं. त्यांनी आपल्या डोक्यावरची पिशवी नीट केली आणि चालत राहिल्या.

पिंपाला वळसा घालून आम्ही परत फिरलो आणि थोड्याच वेळात वीज पडली. लांब नाही, दरीच्या अलीकडेच कुठेतरी. सगळं धुकं एकदम पांढरं झालं. मग गारा सुरू झाल्या. आधी बोरांएवढ्या, मग त्याहून मोठ्या, आणि वारा असा की त्या आडव्या येऊन तोंडावर बसायला लागल्या. कुसुमताईंनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि जागच्या जागी खाली बसल्या. मी त्यांना ओढत रस्त्याच्या कडेला नेलं. वनखात्याचा एक जुना नाका होता तिथे, तीन भिंती आणि वर पत्रा. आत शिरलो तेव्हा पत्र्यावर गारांचा इतका आवाज होत होता की एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं.

"पायात गोळा आला," त्या ओरडल्या. "पाय हालत नाही माह्या."

मी त्यांचा बूट काढला, पोटरी चोळायला लागले. पाय बर्फासारखा होता. थोड्या वेळाने त्यांना हुडहुडी भरली. आधी दात वाजत होते, मग ते थांबलं आणि त्या भिंतीला टेकून नुसत्याच बघायला लागल्या. त्याने मी जास्त घाबरले. मी माझं जॅकेट काढून त्यांना घातलं, त्यांना मिठीत घेऊन बसले. मध्येच बाहेर रस्त्यावर काहीतरी उजेड हलला, एक हॉर्न ऐकू आला. मागे राहिलेल्यांना गोळा करणारी जीप असणार. मी धावत उघड्या बाजूपर्यंत गेले, जिवाच्या आकांताने ओरडले. पण त्या पत्र्याच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू आली नाही. उजेड गेला.

परत येऊन बसले तर कुसुमताईंचे डोळे मिटत होते.

"झोपू नका. कुसुमताई! झोपायचं नाही."

"तू बोल ना वं केतकी," त्या पुटपुटल्या. "बोलत राय. त्या पोराचं सांग."

मग मी त्या मुलाचं सांगितलं. त्याला नाव दिलं, गाव दिलं, धाकटी बहीण दिली. लग्न साधंच करायचं म्हणून आईशी होणारा वाद सांगितला, आणि शेवटी आई कशी कबूल होते तेही. पत्र्यावर गारा आपटत होत्या आणि मी तिचं सगळं आयुष्य त्या बाईच्या कानात सांगत होते. पुढे घर घेतलं. पुढे मूल झालं, आणि आई-बाबा येऊन राहिले. मी रडत होते. पावसाने तोंड ओलंच होतं, त्यामुळे काही कळायचं कारण नव्हतं.

एकदा वाटलं, आता खरं सांगावं. ही बाई माझ्या कुशीत थरथरतेय आणि मी हिला काय सांगतेय? "कुसुमताई," मी म्हणाले, "मी ना..."

"तू होती म्हणून मी आहे वं पोरी," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "केतकी नसती तं मी इथंच गेली असती."

मी तोंड मिटलं. ते त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांच्या सुनेने आयोजकांकडून आमच्या घरचा नंबर मिळवला होता, आणि पुढे त्या होत्या तोवर दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा. हे फोन उचलायचे, "केतकी आहे का?" असं पलीकडून ऐकायचे, आणि एक शब्द न बोलता फोन माझ्या हातात द्यायचे.

गारा थांबल्या तेव्हा एकदम कान बधिर झाल्यासारखं झालं. पाऊस बारीक झाला होता, धुकं मात्र होतं तसंच. रस्ताभर पानं, मोडलेल्या फांद्या, आणि मिठाचे खडे सांडावेत तशा गारा. कुसुमताईंच्या अंगात थोडी ऊब आली होती. त्यांचा हात मी माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही चालायला लागलो. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, पुन्हा टाकायचं. वाटेत कोणी नव्हतं. पाण्याचं टेबल उलटून पडलं होतं, रिकामे पेले वाऱ्याने रस्त्यावर घरंगळत होते. शर्यत बंद केली असणार हे कळत होतं. आता कमानीपाशी कोणी नसेल, भोंगा नसेल, आणि ते नाव काही कोणी पुकारणार नाही, असं माझ्या मनात आलं. त्या अवस्थेतही माझ्या मनात तेच आलं.

गावाजवळ आलो असू. धुक्यातून एक आवाज यायला लागला.

आधी नुसता खरखरता आवाज, शब्द नव्हते. मग वारा वळला.

"केतकी गावंडे... केतकी गावंडे, अकोला... ऐकू येत असेल तर आवाज द्या..."

हातात धरायच्या भोंग्यावरून कोणीतरी पुकारत होतं. मी थांबले. त्या भोंग्यात आवाज चिरकत होता, पण तीस वर्षं ऐकलेला आवाज होता तो. हे होते.

पुढे घाट उतरताना त्यांनी मला सांगितलं काय झालं ते. गारा सुरू झाल्यावर सगळ्यांना जीपमधून परत आणलं, आणि त्यात मी नव्हते. हे गाडीतून उतरून आयोजकांच्या मांडवात गेले, कोसळलेल्या मांडवातच. तिथल्या मुलाने विचारलं, काका, तुमचं कोण राहिलंय? नाव सांगा. ह्यांनी सांगितलं, रजनी गावंडे. मुलाने मोबाईलमध्ये बघितलं आणि म्हणाला, या नावाचं कोणी धावतच नाहीये. परत बघ, हे म्हणाले. त्याने परत बघितलं. मग गावंडे आडनावावर बोट ठेवून त्याने विचारलं, केतकी गावंडे का? ती तुमची का?

हो, हे म्हणाले. माझी.

केतकी परत आली नाही का? मुलाने विचारलं. आणि ह्यांना सांगावं लागलं, नाही, केतकी अजून परत आली नाही. मुलाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, घाबरू नका काका, येईल केतकी. रस्ता एकच आहे, जाईल कुठे?

त्यावर त्यांनी त्याच्या हातातला भोंगा मागून घेतला होता.

"तुलेच बलावून रायले," कुसुमताई म्हणाल्या. "घरचे का तुह्ये?"

"हो."

"मंग ओ दे ना."

मी दिली नाही. पुढच्या हाकेत गावाचं नाव गळलं. "केतकी गावंडे..." मग आडनावही गळलं. "केतकी... केतकी..." दोन हाकांमधलं अंतर कमी कमी होत गेलं. भोंग्याचं पुकारणं राहिलं नाही ते. घराच्या गच्चीवरून खाली खेळणाऱ्या मुलीला जेवायला बोलवावं तसं झालं, आणि मग त्यात ते घरातलं नाव आलं, जे बाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

"केतू... ए केतू... कुठे आहेस गं?"

माझ्या घशात ओ तयार होती. पण ओ दिली की हाका थांबणार होत्या. आणि त्या माझ्यासाठी नव्हत्याच. त्या माणसाला आता माझा विसर पडला होता, हे मला त्या आवाजावरून कळत होतं, आणि मला त्याचं काहीच वाईट वाटत नव्हतं. मारू दे. जितक्या साठल्या असतील तितक्या मारू दे. मी कुसुमताईंना धरून पावसात उभी राहिले.

कुसुमताईंना मात्र राहवेना. त्यांनी छातीत श्वास भरून घेतला. एवढ्याशा बाईंचा आवाज, पण सगळ्या रानात घुमला.

"हाव जी! येऊन रायली! केतकी येऊन रायली!"

हाका थांबल्या.

त्या शांततेत मला ओरडायचं होतं, की मी आहे, मी रजनी. पण कुसुमताई मला पुढे ओढत होत्या. पलीकडे कोणीतरी धावत येत होतं, पाण्यात पाय आपटत, अडखळत. आम्हीही चाललो होतो. दोन्हीकडून ते धुकं पातळ होत गेलं. आधी त्यांचा पांढरा शर्ट दिसला. छत्री नव्हती, चष्मा नव्हता. भोंगा छातीशी धरलेला. आणि मग चेहरा दिसला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. हे आहेत, मी आहे, आम्ही बोलतो, जेवतो, केतकीचं नाव घरात आता रोज निघतं. पण त्या वेळी धुक्यातून पुढे आलेला तो चेहरा मी विसरू शकलेले नाही. लहान मुलासारखा झाला होता तो. केतकी जन्मली तेव्हा तिला हातात घेताना असा चेहरा मी एकदा बघितला होता.

त्यांनी मला बघितलं. जवळ आले, माझ्या दंडाला धरलं, चाचपून बघितलं, लागलं तर नाही ना. "आलीस," ते म्हणाले. पण बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. जिथून मी आले होते तिकडे, रस्त्याकडे.

मीही मागे वळले.

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. धुकं सावकाश हलत होतं, कुठे दाट, कुठे विरळ. मागून कुसुमताईंची सून आणि दोन-तीन मुलं धावत आली. कुसुमताईंना ब्लँकेटमध्ये गुंडाळून घेऊन गेली. जाताना त्या काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. मग सकाळची ती पिवळ्या जॅकेटवाली मुलगी आमच्यापाशी आली. तिचे ओठ थंडीने निळे पडले होते. तिला घरी जायचं होतं, सगळ्यांनाच जायचं होतं.

"काका," तिने विचारलं, "यांच्या मागे अजून कोणी आहे का? कोणी यायचं राहिलंय?"

ह्यांचा हात माझ्या दंडावर होता आणि तो घट्ट होत गेला. त्यांनी आणखी एकदा त्या रस्त्याकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "आता कोणी नाही यायचं."

भोंगा त्यांच्या छातीशीच होता, आणि त्याचं बटण चालू राहिलं होतं. ते हळूच बोललेले शब्द मोठे होऊन मैदानावर गेले, रस्त्यावरून रानात गेले, आणि थोड्या वेळाने दरीकडून परत आले.